चंद्रकळेच्या निऱ्या: बडोद्यातल्या एका कृष्णधवल प्रदर्शनाच्या छपाईचं प्रकरण

हे कुटुंब मूळचं दांडिया बाजारातलं, आता नदीकडच्या सोसायटीत राहणारं. घरातले आजोबा हौशी छायाचित्रकार होते. महादेवाची मूर्ती उभी राहण्यापूर्वीचा सूरसागर, मांडवी, खंडेराव मार्केटचा सकाळचा बाजार, आखाड्यातली माती आणि घरातली माणसं असं सगळं त्यांनी ऑर्वो आणि इंदूच्या १२० रोलवर टिपून ठेवलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा यांच्या तळमजल्यावरही आलं. निगेटिव्ह माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होत्या म्हणून वाचल्या, पण ओल लागून काहींवर बुरशी धरली. त्यानंतर घरात ठरलं की सगळं स्कॅन करायचं आणि त्यातले तीसेक फोटो गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात लावायचे. स्कॅनिंग नातीने केलं. छपाई माझ्याकडे आली.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी एका लॅबमधून नमुना म्हणून काही प्रिंट काढून घेतले होते. ते घेऊन नात आली आणि प्रिंट खिडकीपाशी धरून म्हणाली, "दादा, इथे ठीक दिसतंय. पण काल सभागृहात नेलं तर सगळं हिरवट. असं कसं?" तिचे वडील, म्हणजे आजोबांचे चिरंजीव, यांची तक्रार वेगळी होती. त्यांनी घरातला जुना ब्रोमाइड प्रिंट सोबत आणला होता. फोटो संक्रांतीचा: आजी गच्चीवर उभ्या, अंगावर काळी चंद्रकळा, मागे पांढरंफटक आकाश आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे पतंग. जुन्या प्रिंटमध्ये चंद्रकळेच्या निऱ्या एकेक मोजता येत होत्या. लॅबच्या प्रिंटमध्ये कमरेखाली नुसता काळा ठोकळा होता.

या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत. पहिली रंगछटेची, दुसरी छायापातळ्यांची. बाजारात कृष्णधवल छपाईसाठी जी सॉफ्टवेअर आणि प्रोफाइल (फाइलमधली छटा ठरावीक कागद-शाईवर कशी उमटते हे सांगणारी छोटी फाइल) मिळतात त्यांतली बरीचशी यांपैकी एक दुखणं छान बरं करतात आणि दुसरं तसंच ठेवतात. आपलं दुखणं कोणतं हे न पाहता "सगळ्यात चांगलं कोणतं" असं विचारलं की पैसे जातात आणि प्रिंट तसाच राहतो. इथे दोन्ही दुखणी होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी हिरवटपणाचं. इंकजेटमध्ये करडा रंग दोन प्रकारे तयार होतो. एक म्हणजे निळी, किरमिजी आणि पिवळी शाई योग्य प्रमाणात शिंपडून. तीन रंग मिळून डोळ्याला करडा दिसतो, पण तो ठरावीक उजेडातच. उजेडाचा वर्णपट बदलला की प्रत्येक शाई वेगळ्या प्रमाणात प्रकाश परावर्तित करते आणि तोल बिघडतो. खिडकीत करडा असलेला प्रिंट एलईडीखाली हिरवा किंवा जांभळट होतो तो यामुळे. याला मेटामेरिझम म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे काळ्याच शाईच्या फिक्या आवृत्त्या वापरून करडा करणे. काळ्या पिगमेंट शाईत कार्बन असतो आणि तो सगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जवळपास सारखाच शोषतो, त्यामुळे उजेड बदलला तरी करडा फारसा हलत नाही. एप्सनने २००५ मध्ये अल्ट्राक्रोम के-३ शाया आणल्या, त्यात काळ्याच्या तीन पातळ्या होत्या: काळी, फिकी काळी आणि अगदी फिकी काळी. त्याच वेळी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 'अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' हा मार्ग आला. सगळे त्याला एबीडब्ल्यू म्हणतात. यात मुख्य काम या तीन काळ्या शाया करतात आणि छटा सांभाळण्यापुरती रंगीत शाई चिमूटभर पडते. नुसत्या कार्बनचा करडा किंचित उबदार, तपकिरीकडे झुकलेला असतो, म्हणून ती चिमूट लागतेच. कॅननच्या वरच्या श्रेणीतल्या प्रिंटरमध्येही करड्या शाया आणि ड्रायव्हरमधला कृष्णधवल मार्ग आहे. माझ्याकडचा प्रिंटर एप्सनचा १७ इंची पी-८०० आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्यापुरतं समजावं.

स्कॅनबद्दल थोडक्यात. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची. २४०० पीपीआयला (इंचाला २४०० पिक्सेल) स्कॅन केली की एका बाजूला साधारण ५,२९० पिक्सेल मिळतात आणि ३६० पीपीआयला छापल्यास साधारण १४.७ इंचांचा चौरस प्रिंट होतो. १७ इंची कागदावर भोवती छान मोकळी जागा राहते. स्कॅनरची इन्फ्रारेडवर चालणारी धूळ काढण्याची सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण चांदीच इन्फ्रारेड अडवते. बुरशीचे डाग नातीने हाताने एकेक करून काढले. त्या कामाला दाद द्यावी तेवढी थोडी. फाइल १६ बिट, ग्रेस्केल म्हणजे फक्त काळ्या-करड्या पातळ्यांची, गॅमा २.२. इथे काही बदलायची गरज नव्हती.

कागदावरून काकांशी, म्हणजे नातीच्या वडिलांशी, बरीच चर्चा झाली. त्यांना ब्रोमाइडसारखी चकाकी हवी होती, म्हणजे बरायटा कागद. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, सुती कागदावर काळेपणाची घनता साधारण १.६ पर्यंत जाते, चांगल्या बरायटावर २.३ च्या पुढे. भाषांतर करून सांगायचं तर मॅटवरचा सर्वांत गडद काळा अडीच टक्के प्रकाश परत पाठवतो आणि बरायटावरचा अर्धा टक्का. फरक मोठा आहे आणि हातात धरलेल्या प्रिंटमध्ये तो दिसतोच. पण हे फोटो साध्या काचेच्या चौकटीत लागणार होते. साधी काच समोरून पडलेला सुमारे आठ टक्के प्रकाश दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून परतवते. भोवताली उजेड असलेल्या सभागृहात काचेवरच्या प्रतिबिंबाचा पातळ पडदा दोन्ही कागदांवर सारखाच येतो आणि त्यामागे अडीच टक्के आणि अर्धा टक्का यांतलं अंतर बरंच विरून जातं. काच नको म्हणावं तर उत्सवाची गर्दी आणि भादव्यातली दमट हवा. शिवाय या प्रिंटरमध्ये मॅट कागदासाठीची काळी शाई आणि चकाकत्या कागदासाठीची फोटो काळी एकाच नोझलमधून (शाई सोडणाऱ्या छिद्रांमधून) जातात. अदलाबदल केली की दर वेळी शाई वाया जाते. मी एक प्रिंट दोन्ही कागदांवर काढला, काच घातली आणि सभागृहातच भिंतीला टेकवून दाखवला. काकांनी मॅट निवडला. ३०८ ग्रॅमचा सुती कागद ठरला.

आता सॉफ्टवेअर. संक्रांतीचा तो फोटो चाचणीसाठी घेतला, कारण त्यात दोन्ही टोकं आहेत. काळेपणाच्या मोजणीत पतंगांमागचं आकाश दोन ते पाच टक्क्यांत आणि चंद्रकळा नव्वदच्या वर.

पहिला मार्ग सगळ्यांच्या ओळखीचा: कागद कंपनीने दिलेलं आरजीबी आयसीसी, म्हणजे रंगीत छपाईचं, प्रोफाइल घ्यायचं, फोटोशॉपला रंगव्यवस्थापन करू द्यायचं आणि ड्रायव्हरमधलं बंद करायचं. दोन्हीकडे चालू राहिलं तर दुरुस्ती दोनदा होते आणि प्रिंटची वाट लागते. या मार्गाने निऱ्या बऱ्याच सुटल्या. आश्चर्य नाही, कारण रंगीत प्रोफाइल शेकडो चौकोन मोजून बनवलेलं असतं आणि गडद पातळ्याही त्यात मोजलेल्या असतात. पण करड्याची छटा पायरीगणिक बदलत होती. मधल्या पातळ्या सभागृहाच्या एलईडीखाली हिरवटाकडे, गडद भाग उबदारीकडे. लॅबच्या प्रिंटइतकं वाईट नाही, पण ब्रोमाइडशेजारी ठेवलं की डोळ्याला टोचणारं.

दुसरा मार्ग नुसता एबीडब्ल्यू. छटा न्यूट्रल, बाकी मूळ सेटिंग. इथे उलट झालं. सभागृह, खिडकी, घरचा दिवा, तिन्हीकडे करडा एकसारखा. आकाश मऊसूत, फिक्या काळ्या शाईमुळे ठिपका दिसतच नाही. मात्र चंद्रकळा पुन्हा ठोकळा. एबीडब्ल्यूमध्ये टोनचे पाच पर्याय आहेत, लाइटपासून डार्केस्टपर्यंत, आणि मूळ सेटिंग 'डार्कर'वर असतं. 'नॉर्मल'वर आणलं तर आख्खा फोटो उजळतो, गडद टोकाची दाटी तशीच राहते. त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. तो कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही कागदावर कुणालाही बरा प्रिंट मिळावा म्हणून बनवलेला आहे. आपल्या कागदावर शाई कुठे भरून येते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायचं कसं, इथे खरी गोष्ट सुरू होते. शून्य ते शंभर, पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापली. ती कोणत्याही प्रोफाइलशिवाय, जशीच्या तशी ड्रायव्हरपर्यंत पोचली पाहिजे. फोटोशॉपमधला रंगव्यवस्थापन बंद ठेवण्याचा पर्याय २०१० च्या सीएस-५ पासून गेला, म्हणून अशा पट्ट्यांसाठी अॅडोबीची वेगळी छोटी युटिलिटी किंवा क्वाडटोन रिप या कृष्णधवल छपाईच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी साधनं वापरावी लागतात. पट्टी रात्रभर वाळू दिली. पावसाळ्यात मॅट कागदालाही वेळ द्यावा, ओलसर शाई मोजली तर गडद पायऱ्यांचे आकडे सकाळी बदललेले असतात. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक पायरीचं एल मूल्य घेतलं. एल म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजळपणा, शून्य ते शंभर.

कागदाचा पांढरा ९७ च्या आसपास, पूर्ण काळा १७ च्या आसपास. म्हणजे खेळायला ८० एककं आणि पायऱ्यांमधली अंतरं वीस. उजळपणा सरळ रेषेत उतरावा असं धरलं तर दर पायरीला चार एककं यायला हवीत. फिक्या टोकाला ती जवळपास तशी होती. पण ८५ पासून १०० पर्यंतच्या तीन अंतरांना मिळून बारा एककं हवीत, तिथे निम्मीसुद्धा नव्हती. ९५ आणि १०० या शेजारच्या पायऱ्या मी नातीला दाखवल्या आणि सीमारेषा कुठे आहे विचारलं. तिला पट्टी तिरपी करून पाहावी लागली. आजींच्या निऱ्या नेमक्या याच पट्ट्यात होत्या. फाइलमध्ये सगळ्या शाबूत, कागदावर एकात एक मिसळलेल्या.

क्वाडटोन रिप हे रॉय हॅरिंग्टन यांचं शेअरवेअर, किंमत ५० डॉलर. त्याच्यासोबत एक छोटं साधन येतं, क्यूटीआर क्रिएट आयसीसी. मोजलेल्या आकड्यांची फाइल त्यावर नेऊन सोडायची, ते ग्रेस्केल आयसीसी प्रोफाइल बनवून देतं. फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल फाइल उघडून प्रिंट करताना हे प्रोफाइल निवडायचं, रिलेटिव्ह कलरीमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणारी खूण) चालू, आणि ड्रायव्हरमध्ये एबीडब्ल्यू. ब्लॅक पॉइंटची खूण काढली तर १७ एलच्या खालचं सगळं एकाच काळ्यात कोसळतं आणि केलेल्या मेहनतीवर पाणी पडतं. अॅडोबीच्याच लाइटरूम या सॉफ्टवेअरमधून छापणाऱ्यांसाठी याच साधनाची आरजीबी प्रकारचं प्रोफाइल बनवणारी आवृत्ती आहे, कारण लाइटरूमला ग्रेस्केल प्रोफाइल चालत नाही.

म्हणजे छटा एबीडब्ल्यूने सांभाळायची आणि पातळ्या स्वतःच्या प्रोफाइलने. पहिल्या मार्गात पातळ्या बऱ्या होत्या आणि छटा बिघडलेली, दुसऱ्यात नेमकं उलट. तिसऱ्यात दोन्ही जुळल्या. दुसऱ्या दिवशी काढलेल्या प्रिंटमध्ये चंद्रकळेच्या निऱ्या कमरेपासून पावलापर्यंत उतरताना दिसल्या, पदराच्या काठावरची जरीची बारीक रेघही उमटली. नातीने जुना ब्रोमाइड शेजारी धरला आणि बराच वेळ दोन्ही पाहत राहिली.

काका मात्र खूश नव्हते. "अहो, आई काळी चंद्रकळा नेसली होती. ही करडी दिसतेय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पातळ्या सरळ रेषेत आल्या की गडद भाग उचलला जातो, आणि मॅट कागदावर काळ्याची खोली मुळातच कमी. निऱ्या दिसल्या पण कापडाचा काळेपणा गेला. इथे पुष्कळ जण प्रोफाइललाच नावं ठेवतात किंवा ड्रायव्हरचा टोन पुन्हा 'डार्कर' करतात, आणि तसं केलं की मोजमाप फुकट जातं. प्रोफाइलचं काम फाइलमधली प्रत्येक पातळी कागदावर वेगळी उमटवणं एवढंच. चंद्रकळा किती काळी दिसावी हा फोटोचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फाइलमध्येच द्यायचं असतं.

म्हणून फाइल उघडली, त्याच प्रोफाइलने सॉफ्ट प्रूफ लावलं, म्हणजे प्रिंट कसा येईल ते पडद्यावरच पाहिलं, कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा दोन्ही दाखवण्याच्या खुणा केल्या. पडद्याचा उजळपणा ९० कँडेलापर्यंत उतरवला. बहुतेक घरांतले पडदे याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असतात आणि "प्रिंट काळा आला" या तक्रारीचं निम्मं कारण तिथे असतं. मग फक्त साडीपुरता मास्क करून (बाकी फोटो झाकून) कर्व्ह घातला, म्हणजे पातळ्या हव्या तशा सरकवल्या: निऱ्यांच्या खाचा थेट १०० वर, कडा ९० च्या आसपास, मधलं सगळं त्या दोहोंत ताणून. साडीभोवती गच्चीचा कठडा होता, तो थोडा उजळवला. शेजारी फिकं असलं की काळं अधिक काळं दिसतं आणि यासाठी शाईचा एक थेंबही जास्त लागत नाही. पुढच्या प्रिंटवर काका काही बोलले नाहीत, फक्त तो बाजूला ठेवून पुढचा फोटो पुढे सरकवला.

आखाड्याचे फोटो असेच झाले, तेलकट अंगं आणि काळी माती. बाजाराचे आणि सूरसागराचे फोटो प्रोफाइल लावून सरळ छापले, त्यांना वेगळं काही लागलं नाही.

क्वाडटोन रिप पूर्णपणे, म्हणजे ड्रायव्हर बाजूला ठेवून, का वापरलं नाही? विचार जरूर केला. त्यात प्रत्येक शाई कुठे सुरू व्हावी, कुठे संपावी, किती पडावी हे आपल्या हातात येतं. रंगीत शाई जवळपास शून्यावर नेता येते. भिंगाखाली पाहिलं तर फिक्या भागातलं पोत थोडं अधिक सलग होतं. पण शाईची मर्यादा ठरवणं, शायांमधले सांधे जुळवणं, मग सरळ रेषेत आणणं, हे प्रत्येक कागदासाठी नव्याने करायचं. काचेमागे तीन फुटांवरून तो फरक मला दिसला नाही आणि नातीलाही नाही. जो एकाच कागदावर वर्षानुवर्षं छापतो, आपल्या फोटोंच्या मर्यादित आवृत्त्या विकतो, त्याने हा मार्ग जरूर शिकावा. इमेजप्रिंटसारखी महागडी रिप, म्हणजे ड्रायव्हरच्या जागी चालणारी छपाईची सॉफ्टवेअर, तयार करडी प्रोफाइल सोबत देतात, आणि ज्याला मोजमापात पडायचं नाही आणि रोज छापायचं आहे त्याला ती परवडतात. एका प्रदर्शनासाठी तो खर्च या कुटुंबावर टाकणं मला पटलं नाही. जॉन कोन यांची पिझोग्राफी, म्हणजे प्रिंटरमध्ये सगळ्याच शाया काळ्या-करड्या भरायच्या, ही कृष्णधवलातली फार सुंदर पद्धत आहे, पण त्यासाठी एक प्रिंटर त्यालाच वाहून द्यावा लागतो. आणि या संचात हाताने रंगवलेले जुने लग्नाचे फोटोही होते. ते रंगीत स्कॅन केले आणि पहिल्याच मार्गाने, आरजीबी प्रोफाइलवर छापले. तिथे तोच योग्य.

सभागृहाचा उजेड राहिला होता. प्रिंट तपासण्यासाठी आयएसओ ३६६४ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती पाहण्यासारखी जी स्थिती धरली आहे ती ५०० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). सभागृहाच्या भिंतीवर मीटरने २०० च्या जवळपास दाखवलं, दिवे सगळे खुर्च्यांवर रोखलेले. इतक्या उजेडात कोणतंही प्रोफाइल निऱ्या वाचवू शकत नाही. फाइल उजळवून भागवता आलं असतं, पण मग ते प्रिंट घरी खिडकीशेजारी फिके पडले असते. मंडळाच्या वायरमनने दिव्यांची तोंडं भिंतीकडे वळवली, दोन पट्ट्या वाढवल्या, आणि ज्या दिव्यांनी काकांच्या हातावरचा रंगही आजारी दिसत होता ते बदलून चांगल्या रंगदर्शकतेचे बसवले. बडोद्यात हे करावंच लागतं. १९५० पासून इथे फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्टांनी कृष्णधवल फोटोंमधून खेड्यांतली लोककला नोंदवून ठेवली ती याच गावात राहून, आणि प्रदर्शनाला येणाऱ्या दहा माणसांत एक तरी काचेला नाक लावून सावल्या तपासणारा असतो.

कुटुंबाला प्रिंटसोबत एक कागद दिला. त्यावर लिहिलेलं असं: प्रिंटर आणि ड्रायव्हरची आवृत्ती, मीडिया टाइप, एबीडब्ल्यूमधला टोन आणि छटेच्या चक्राची जागा, रिझोल्यूशन, दोन्ही दिशांनी छपाई चालू की बंद, प्रोफाइलचं नाव, कागदाचा लॉट क्रमांक. यातली एक गोष्ट बदलली तरी ते प्रोफाइल त्या प्रिंटचं राहत नाही, पट्टी पुन्हा छापून मोजावी लागते. नातीला पुढे एप्सनचाच पी-९०० प्रिंटर घ्यायचा आहे. त्यात मॅट आणि फोटो काळीला स्वतंत्र नोझल आहेत, त्यामुळे अल्बमसाठी बरायटा आणि भिंतीसाठी मॅट असं तिला अदलाबदलीशिवाय छापता येईल. फाइलमधले मास्क आणि कर्व्ह तिला तसेच वापरता येतील. प्रोफाइल मात्र दोन्ही कागदांची नवीन करावी लागतील, आणि त्यासाठी पट्टीची फाइल मी तिच्या पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिली आहे.